चौदा, पंधरा आणि रिकामं घर

कोकण रेल्वेने नेहमी जाणाऱ्यांना हे पाठ असतं. उक्षी मागे पडलं की करबुड्याचा बोगदा येतो. साडेसहा किलोमीटर. खिडकीत बाहेरच्या झाडांऐवजी आपलंच तोंड दिसायला लागतं आणि फोनवरची सगळी करमणूक ठप्प होते. गेल्या मे महिन्यात समोरच्या बाकावरच्या दोन भावंडांनी त्या काळोखात भोकाड पसरलं, कारण गेम मध्येच गोल गोल फिरत राहिला होता. माझा आठ वर्षांचा भाचा मात्र शांत होता. त्याच्या हातात सरकत्या नंबरांचं पझल होतं. चार बाय चारची प्लास्टिकची चौकट, तिच्यात १ ते १५ आकड्यांच्या चकत्या आणि एक घर रिकामं. निघताना स्टेशनाबाहेर मीच ते घेऊन दिलं होतं, त्यामुळे माझी छाती जरा फुगली होती.

रत्नागिरीला ती खाली बसली. "मामा, हे होतच नाही," भाचा म्हणाला. वरच्या तिन्ही ओळी चोख लागल्या होत्या. शेवटच्या ओळीत मात्र १३, १५, १४ आणि रिकामं घर. खेडपासून तो तिथेच अडकला होता. "दे इकडे, बघू," असं म्हणून मी ते घेतलं आणि कणकवली जाईपर्यंत सरकवत बसलो. पुन्हा पुन्हा १५, १४. मग डोक्यात उजेड पडला. पनवेलला ते त्याच्या हातून पडलं होतं, चार-पाच चकत्या बाकाखाली गेल्या होत्या आणि मी वाकून, हाताला लागतील तशा त्या चौकटीत दाबून बसवल्या होत्या. तिथेच घोटाळा झाला. सुटूच शकत नाही असं कोडं मी त्या पोराला दिलं होतं आणि वर "नीट विचार कर" असंही दोनदा सांगितलं होतं.

ते का सुटत नाही, हे कळायला फार गणित लागत नाही. चौकट बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी आहे असं समजा. एक चकती सरकवली की रिकामं घर काळ्यावरून पांढऱ्यावर जातं, पुढच्या खेळीत पांढऱ्यावरून काळ्यावर. ते भटकून पुन्हा उजव्या कोपऱ्यात परतायचं, तर एकूण खेळ्या सम संख्येतच व्हायला हव्यात. आता एक खेळी म्हणजे काय? रिकामं घर आणि एक चकती यांची अदलाबदल. म्हणजे झालेल्या अदलाबदलीही सम. पण नुसते १४ आणि १५ उलटे करणं ही एकच अदलाबदल, म्हणजे विषम. कुठलीही मांडणी एक तर सम अदलाबदलींनी मिळते किंवा विषम, दोन्हींनी कधीच नाही. म्हणून कोपऱ्यातून निघून कोपऱ्यात परतताना बाकी सगळं जागच्या जागी आणि फक्त ही जोडी उलटी, असं जन्मात होणार नाही.

हे आपल्याला आज कळलेलं नाही. जॉन्सन आणि स्टोरी या दोन गणितज्ञांनी १८७९ सालीच 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये ते मांडलं होतं. गंमत म्हणजे या खेळाचं खरं वेड अमेरिकेत आणि युरोपात पसरलं ते १८८० साली. खेळ मुळात न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉइस चॅपमन यांचा. पण नाव झालं सॅम लॉइड या कोडेकाराचं. १८९१ पासून मरेपर्यंत ते हा खेळ आपणच काढला असं सांगत राहिले, आणि चौदा-पंधराची उलटी जोडी सुलटी करून दाखवणाऱ्याला त्यांनी हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते पैसे खिशातून जाण्याची भीती त्यांना कशी असणार!

चकत्या हाताला येतील तशा बसवल्या तर निम्म्या वेळा हाच प्रसंग येतो. एकूण मांडण्यांपैकी बरोबर अर्ध्या सुटतात, अर्ध्या सुटत नाहीत. सुटणाऱ्याच दहा लाख शेहेचाळीस हजार कोटींच्या वर आहेत, त्यामुळे खेळ संपायची काळजी नको. काळजी असलीच तर चौकटीच्या कडांची. दुकानात ते पझल उलटं धरून दोनदा झटका. एखादी चकती निसटली तर तिथेच परत ठेवून द्या. घरात आधीच तसलं असेल तर चकत्या १ ते १५ क्रमाने लावून मग सरकवूनच विस्कटायच्या, काढून कधीही नाही. आणि पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी आकड्यांऐवजी चित्राचं पझल घेणार असाल तर ज्यात आभाळाच्या दोन चकत्या अगदी एकसारख्या आहेत असं शोधा. त्या दोघींची अदलाबदल झाली तरी डोळ्याला कळत नाही, त्यामुळे ते कधीच अडकत नाही.

या प्रवासानंतर मुलांसाठी कोडी घेताना माझी नजर बदलली. खोक्यावर 'वय ६+' असतं, 'बुद्धी तल्लख करतो' असतं, मेंदूचं चित्र असतं. ते सगळं मी बाजूला ठेवतो आणि एवढंच बघतो की हे कोडं मुलाशी खोटं तर बोलणार नाही? ते सुटणारं असलं पाहिजे. सुटलं की आईबाबांना न विचारता मुलाला कळलं पाहिजे. चुकलं तर तेही कोड्यानेच सांगावं, आपण नव्हे. मोठ्यांनी "चुकलं" म्हटलं की मूल आपल्या तोंडाकडे बघतं. कोड्याने म्हटलं की ते कोड्याकडे बघतं.

या कसोटीला रुबिक क्यूब लावून पाहा. बुडापेस्टमध्ये वास्तुकला शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी तो १९७४ साली बनवला. त्याच्या त्रेचाळीसवर अठरा शून्यं लागतील इतक्या मांडण्या होतात, आणि कुठलीही मांडणी जास्तीत जास्त २० वळणांत सुटते हे २०१० साली संगणकांच्या मदतीने सिद्ध झालं. एवढा जगप्रसिद्ध खेळ, पण तो मुलाला सहज फसवतो. वैतागून क्यूबचे तुकडे काढले आणि वाटेल तसे परत बसवले, तर बारांतून एकदाच तो सुटण्याजोगा राहतो. आणि तुकडे काढावेच लागतात असंही नाही. हल्लीचे मऊ, भरभर फिरणारे क्यूब असतात ना, त्यांचा कोपरा घाईत आडवा दाबला गेला की जागच्या जागी फिरतो. मग मूल शेवटपर्यंत येतं, सगळे रंग लागतात आणि एक कोपरा वाकडाच राहतो. अशा वेळी त्याला "पुन्हा पहिल्यापासून कर" म्हणू नका. चूक त्याची नाही. तो कोपरा अंगठ्याने फिरवून सरळ करा आणि तसं त्याला सांगा.

तसंही पहिलं कोडं म्हणून क्यूब देऊ नये असं माझं मत आहे. शंभरातली नव्वद मुलं तो व्हिडिओ बघून, वळणांची सूत्रं पाठ करून सोडवतात. त्यात वाईट काही नाही, पाढेही आपण पाठच करतो. पण ते कौशल्य झालं. अडकून बसण्यातली आणि अचानक सुचण्यातली मजा त्यात कमी. क्यूब हवाच असेल तर आधी दोन बाय दोनचा द्या.

सुडोकूचा खोटेपणा वेगळा. चांगल्या सुडोकूला एकच उत्तर असतं, आणि म्हणूनच तर्काने एकेक घर पक्कं करता येतं. निष्काळजीपणे छापलेल्याला दोन-दोन उत्तरं निघतात. मूल बरोबर सोडवतं, मागच्या पानावरचं उत्तर जुळत नाही आणि ते रडकुंडीला येतं. अशी एक पुस्तिका मी स्वतः विकत घेतली आणि मग रद्दीत घातली. नऊ बाय नऊच्या सुडोकूत निदान १७ आकडे आधी दिलेले असावेच लागतात; १६ दिलेल्यांना एकच उत्तर असू शकत नाही, हे २०१२ साली डब्लिनमधल्या गणितज्ञांनी संगणकाकडून तपासून घेतलं. म्हणून 'अतिकठीण' म्हणून कुणी पंधरा आकड्यांचा सुडोकू पुढे केला तर खुशाल हसा. हा खेळ जपानी नावाने ओळखला जात असला तरी तो १९७९ साली अमेरिकेत हॉवर्ड गार्न्स यांनी रचला होता. जपानमध्ये त्याला नाव आणि वळण मिळालं, आणि २००४ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून तो जगभर गेला.

लहानांना चार बाय चारचा द्यावा. पण कागद-पेन्सिल नको. चार रंगांची बटणं किंवा वाल, राजमा, चवळी आणि हरभरा घ्या, चौकट आखा आणि मांडू द्या. चूक झाली तर दाणा उचलला की संपलं. खोडरबराने भोक पडलेल्या कागदासमोर मूल जसं हिरमुसतं, तसं दाण्यांपुढे होत नाही. अशा पूर्ण भरलेल्या चौकटी फक्त २८८ आहेत. चौथी-पाचवीतल्या भावंडांना हे सांगितलं की ती त्या मोजायच्या मागे लागतात, आणि तुम्हाला दुपारची झोप मिळते.

तुकड्यांचं चित्र जोडायचा खेळ, म्हणजे जिगसॉ, बहुतेक घरांत असतोच. त्याची सुरुवात नकाशांपासून झाली. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशेकाराने लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून तो कापला, मुलांनी भूगोल शिकावा म्हणून. आपल्याकडेही महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचं लाकडी कोडं मिळतं आणि ते मला फार आवडतं. गडचिरोलीचा लांबुडका तुकडा कुठे जातो हे हाताला एकदा कळलं की पुस्तकात शोधावं लागत नाही. मात्र घेण्याआधी तुकडे मोजा. ३६ हवेत. पालघर वेगळं नसेल तर तो नकाशा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा. दुकानदार जुना माल खपवतोय एवढाच त्याचा अर्थ.

चित्राच्या जिगसॉमध्ये लोक तुकड्यांची संख्या बघतात. शंभर तुकड्यांचा म्हणजे अवघड, चोवीसचा म्हणजे सोपा. तसं नसतं. गर्दीच्या जत्रेचं शंभर तुकड्यांचं चित्र सोपं जातं, कारण प्रत्येक तुकड्यावर काहीतरी ओळखू येतं. निळ्या समुद्राचे साठ तुकडे मोठ्यांनाही घाम फोडतात. खरी तपासणी कापण्याची. स्वस्त जिगसॉमध्ये सगळ्या तुकड्यांचे कान एकाच मापाचे असतात, त्यामुळे चुकीचा तुकडाही टचकन बसतो. मुलाला वाटतं जमलं, आणि वीस तुकड्यांनंतर सगळं तिरकं व्हायला लागतं. दोन-चार तुकडे उगाच एकमेकांत अडकवून बघा. भलते तुकडे सहज जुळत असतील तर तो संच खोटा.

पैसे न घालता हे करायचं असेल तर लग्नपत्रिका आहेत. जाड, रंगीत, गणपती छापलेल्या. लग्नसराई संपली की घरात ढीग पडलेला असतो. कात्रीने वेड्यावाकड्या आठ-दहा रेघांत कापा. आपल्या कापण्याला कान नसतात, म्हणून जोडताना तुकडे सरकतात. ताटात किंवा पुठ्ठ्याच्या झाकणात जोडायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

घरातल्या वस्तूंचाच दुसरा खेळ म्हणजे मनोरा. बरण्यांची पाच झाकणं घ्या, लहान-मोठी. जमिनीवर खडूने तीन गोल काढा. पहिल्या गोलात झाकणं उतरंडीसारखी रचा, मोठं खाली, लहान वर. एका वेळी एकच झाकण उचलायचं, मोठं झाकण लहानावर ठेवायचं नाही, आणि सगळी उतरंड तिसऱ्या गोलात न्यायची. तीन झाकणं सात खेळ्यांत जातात, चार पंधरांत, पाच एकतीसांत. प्रत्येक झाकण वाढलं की दुप्पट अधिक एक. तीनवर हात बसला की मुलं चार स्वतःच मागतात, आणि कुठेतरी त्यांच्या लक्षात येतं की चारचं कोडं म्हणजे तीनचंच कोडं दोनदा. हे कुणी सांगायचं नाही. सांगितलं की त्या खेळाचा जीव गेला.

काशीच्या देवळात पुजारी सोन्याच्या ६४ चकत्या अशाच हलवत आहेत आणि त्या संपल्या की जग बुडेल, ही कथा या खेळाबरोबर सांगतात. ती आपल्याकडची नाही. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली हा खेळ विकायला काढला तेव्हा ती सोबत आली. स्वतःचं नावही त्याने अक्षरं उलटीपालटी करून सयामचा कुणी 'क्लॉस' असं लावलं होतं. तरी कथेतला हिशोब खरा आहे. सेकंदाला एक चकती हलवली तर ६४ चकत्यांना ५८ हजार ५०० कोटी वर्षं लागतात.

काहीच जवळ नसेल, झाकणंही नाहीत आणि पुढचा बोगदा आलाय, तर देवळालीच्या कापरेकर मास्तरांना शरण जावं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. ते आकडे उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच ठाण मांडतं. पालघरचं साल घेऊन बघा, २०१४. ४२१० वजा ०१२४, म्हणजे ४०८६. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. हे त्यांनी १९४९ साली मांडलं. बाहेरच्या जगाला त्यांची खरी ओळख झाली ती १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात लिहिल्यावर.

वजाबाकीत हातचा चुकला तर? इथेच कापरेकरांचं कोडं खरं बोलतं. दरवेळच्या उत्तरातल्या आकड्यांची बेरीज ९ च्या पटीत यावीच लागते. ४०८६ ची अठरा, ३९९६ ची सत्तावीस. नाही आली तर हातचा बघ. परतीच्या गाडीत भाच्याने तिकिटावरचे, डब्यावरचे, समोरच्या आजोबांच्या जन्मसालाचे असे मिळतील ते आकडे ६१७४ ला नेऊन पोचवले, आणि एकदाही मला "बरोबर आहे का" असं विचारलं नाही.

विकतचं घ्यायचं तर 'रश अवर' मला बरं वाटतं. नोबुयुकी योशिगाहारा या जपानी कोडेकाराचा हा खेळ. सहा बाय सहाच्या चौकटीत गाड्या अडकलेल्या, त्या पुढे-मागे सरकवून लाल गाडी बाहेर काढायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेल्या मुलांना नियम समजावावे लागत नाहीत. सोप्यापासून अवघडपर्यंत कार्डं असतात आणि प्रत्येक मांडणी सुटणारी असते. उत्तर कार्डामागेच असतं. मूल चोरून बघतं, बघू दे. एक-दोनदा बघितल्यावर त्यालाच चुकल्यासारखं वाटतं.

फोनवरही नेटशिवाय चालणारी कोडी असतात. निघण्याआधी फोन विमानाच्या चिन्हावर टाकून ती उघडतात का हे बघून घ्यायचं, इतकंच. त्यातल्या फुकट खेळांशी माझं भांडण आहे ते त्या 'हिंट'च्या बटणाशी. मूल अडकलं की दहा सेकंदांत ते लुकलुकायला लागतं. मुलाला अडकू देण्यावरच कोड्याचा सगळा डाव उभा असतो, आणि हे बटण तो डावच मोडतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. स्टेशनाबाहेरच्या गाडीवर तो सापडणार नाही, दुकानात मागून घ्या. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मोठ्याच्या कोड्याचे तुकडेही बघावे लागतात. प्रयोगशाळेत त्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. तिच्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. आणि छोट्या जोरकस लोहचुंबकांच्या गोळ्यांची खेळणी घरात आणूच नका. दोन गोळ्या गिळल्या गेल्या तर पोटात आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून त्या एकमेकींना चिकटतात आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते.

भाच्याचं ते नंबरांचं पझल मी कुडाळला उतरण्याआधी दुरुस्त केलं. नखाने १४ आणि १५ उचकटून त्यांच्या जागा बदलल्या. घरी गेल्यावर त्याला काळ्या-पांढऱ्या घरांचं सगळं सांगितलं, वहीत पट काढून. त्याने दोनदा विचारलं, "म्हणजे कधीच नाही? कितीही वेळ बसलं तरी?" मी म्हटलं, कितीही वेळ. तो बराच वेळ गप्प बसला. संध्याकाळी माझे मेहुणे मुंबईहून आले, पाय धुऊन ओसरीवर टेकले, तेवढ्यात हा पझल घेऊन त्यांच्यापुढे उभा. वरच्या तीन ओळी चोख, खाली १३, १५, १४.

"बाबा, एवढंच राहिलंय, सोडव ना. सुटलं तर मी महिनाभर कारल्याची भाजी खाईन."

मेहुणे जेवणाची पानं घेईपर्यंत सरकवत होते.